परगावी शिकणारी मुले आणि त्यांच्या खिशातली यंत्रे

दिवाळीच्या सुटीत लातूरहून, नांदेडहून मुले घरी येतात. कोणी उदगीरकडचे, कोणी देगलूरचे, तर कोणी पार किनवटचे. ‘लातूर पॅटर्न’चा लौकिक झाल्यापासून मराठवाड्यातील कितीतरी घरांतून दरसाल एखादी तरी बॅग या दोन शहरांकडे रवाना होते. मूल घरी आले की आई आधी मळके कपडे बाहेर काढते, वडील परीक्षेतले गुण विचारतात. पण ज्या यंत्रावर त्याचा अर्धा अभ्यास आणि घराशी रोजचे बोलणे चालते, त्याची विचारपूस कोणी करीत नाही. फराळ होईपर्यंत आज तेवढे करू या.

ही केवळ चैनीची बाब नव्हे, बरे का! ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची धरणी हादरली, तेव्हा भारतात मोबाइल सेवा नव्हतीच. ती १९९५ साली आली. परगावी असलेल्यांना आपल्या माणसांची खुशाली कळेपर्यंत काय वाटले असेल, हे त्या पिढीतल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. म्हणून मुलाच्या फोनचे पहिले काम एकच: घरून हाक आली की ओ देणे. बाकीचे सारे त्यानंतर.

ओ देण्यासाठी बॅटरी धड हवी. फोनमधील लिथियम-आयन बॅटरीचा खरा वैरी म्हणजे उष्णता. पुष्कळ कंपन्या फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असे सांगतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो! तेव्हा पत्र्याच्या खोलीत, खिडकीच्या उन्हात किंवा उशीखाली फोन चार्जिंगला लावू नये. तापला असेल तर आधी निवू द्यावा. रोज शंभर टक्के भरण्याचा हट्टही नको. हल्ली बऱ्याच फोनमध्ये ऐंशी टक्क्यांवर थांबण्याची सोय असते. मागचे झाकण फुगलेले दिसले तर मात्र क्षणभरही चालढकल करू नका. फोन बंद करावा, दाबू किंवा टोचू नये, चार्ज तर मुळीच करू नये, आणि जाणत्या कारागिराकडून बॅटरी बदलून घ्यावी. एका खोलीत तीन-चार मुले झोपतात, हे ध्यानात असू द्या.

चार्जर नीट बसत नसेल तर लगेच नवा आणण्याची घाई नको. खिशातील सुताचा लोळा त्या भोकात अडकलेला असतो. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने तो हलकेच काढावा. टाचणी घालू नये. भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात पुरणे हाही खुळा उपाय आहे. तांदळाचे बारीक कण आत जातात आणि नुकसान वाढते. फोन बंद करून पुसावा व मोकळ्या हवेत ठेवावा.

फोन मंद चालतो ही तक्रार घरोघरची. बहुधा जागा भरलेली असते. लग्नाचे व्हिडिओ, शुभेच्छांची चित्रे काढून टाका आणि निदान दहावा हिस्सा रिकामा ठेवा. कंपनीने पाठवलेले अपडेट लांबणीवर टाकू नका. आणि टिपणांची एक प्रत दुसरीकडे ठेवलीच पाहिजे. यंत्र पुन्हा घेता येते, वर्षाचा अभ्यास पुन्हा घेता येत नाही.

आता पाडव्याच्या खरेदीचा प्रश्न. “बाबा, वर्गात सगळ्यांजवळ टॅब आहे!” असे चिरंजीव म्हणतात, आणि बाबा खिसा चाचपतात. अशा वेळी यंत्र पाहू नये, काम पाहावे. नुसती खुशाली कळवायची असेल तर बटणांचा साधा फोन पुरे. मात्र आपले सिम त्यात चालते ना, हे दुकानातच पाहावे. व्याख्याने पाहणे व पुस्तके वाचणे यासाठी टॅब बरा. डोळ्यांना आणि मानेला फोनपेक्षा सुखाचा. लॅपटॉप जड आणि महाग. जेईई मेन व राज्याची सीईटी २०१९ पासून संगणकावर होतात हे खरे, पण त्या सरावापुरता वर्गातला किंवा मित्राचा संगणक चालतो. अभियांत्रिकीला प्रवेश मिळाल्यावर लॅपटॉप घ्यावा. तोवर नवी यंत्रेही येतात. दहावी झालेल्या मुलाला आमचे मत विचाराल तर साधा फोन खिशात आणि टॅब टेबलावर, ही जोडी उत्तम.

दुकानदाराला दोन प्रश्न अवश्य विचारा. सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळतील? आणि दुरुस्तीची सोय नांदेड-लातुरातच आहे, की हैदराबाद गाठावे लागेल? पॉवर बँक घेताना आकड्यावर भुलू नका. दहा हजाराची बँक पाच हजाराचा फोन दोनदा भरील असे वाटते. वाटेत वीज वाया जाते, म्हणून हिशेब सुमारे दीड वेळेवर येतो.

शेवटी एक पाच मिनिटांचे काम. फोनवर तारा-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबले की पंधरा आकड्यांचा आयएमईआय क्रमांक दिसतो. तो खोक्याच्या पावतीवर लिहून कपाटात ठेवा. बसस्थानकावर फोन चोरीला गेला तर पोलिसांत तक्रार नोंदवून ‘संचार साथी’ या सरकारी सेवेवर, जी २०२३ पासून देशभर चालू आहे, त्या क्रमांकाचा फोन बंद करविता येतो. आणि हो, मुलाला आईचा व बाबांचा नंबर तोंडपाठ आहे का, तेही विचारा. पुष्कळांना नसतो. सुटी संपण्याआधी तेवढा पाठ करून घ्या.