डोस किती पाजले ते सांगता, जंत किती मेले ते सांगा

पावसाळा आला की गावोगावी जंतनिर्मूलनाची शिबिरं होतात. शेळ्यांच्या रांगा लागतात, फोटो निघतात, रजिस्टरात आकडा पडतो : इतके डोस पाजले. बरं, जंत किती मेले? त्याचा रकानाच नाही!

मागच्या श्रावणात आमच्या एका शेळीच्या जबड्याखाली पाणी उतरलं. पापणी उलटून बघितली तर पांढरीफटक. डोस होऊन तीनच आठवडे झालेले. "दुसऱ्या कंपनीचं पाजा," असा सल्ला मिळाला. पाजलं. शेळी गेली. नंतर बाटल्या वाचल्या. आधीचं अल्बेंडाझोल, नंतरचं फेनबेंडाझोल. म्हणजे एकाच घराण्यातले दोघं भाऊ. एकाला न जुमानणारा जंत सहसा दुसऱ्यालाही जुमानत नाही.

हे नवं नाही. याच घराण्यातलं थायाबेंडाझोल १९६१ ला बाजारात आलं आणि १९६४ मध्येच त्याला दाद न देणाऱ्या हिमोंकस जंताची नोंद अमेरिकेत झाली. हाच जंत आपल्या उस्मानाबादी शेळ्यांच्या पोटात बसून रक्त पितो, एक मादी दिवसाला पाच-दहा हजार अंडी घालते. आपण वजन डोळ्यानं ठरवतो, डोस कमी पडतो, लेचेपेचे जंत मरतात, चिवट उरतात आणि रानभर त्यांचीच पैदास. त्यात शेळीचं शरीर ही औषधं मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, तरी माप मात्र मेंढीचंच!

तपासायला काय लागतं? सूक्ष्मदर्शक, मॅकमास्टर काचपट्टी, मिठाचं दाट पाणी. डोस पाजण्याआधी दहा-पंधरा शेळ्यांच्या लेंड्या घ्या, अंडी मोजा. वजन करून डोस द्या. दहा ते चौदा दिवसांनी त्याच शेळ्यांच्या पुन्हा मोजा. अंडी ९५ टक्क्यांनीही घटली नाहीत तर त्या औषधाचा भरवसा संपत आलाय.

उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. लातूर आणि नांदेड जिल्हा परिषदांनी त्यांना सोबत घेऊन दरवर्षी तालुक्यातल्या चार गावांत एवढी मोजणी करावी, आणि औषध खरेदी तो निकाल बघून करावी. निधी नाही म्हणू नका. लागू न पडणाऱ्या औषधाला निधी आहे ना? हाळीच्या बाजारातून आणलेली शेळी पोटात काय घेऊन येते, हे आज कुणीच बघत नाही.

तुमच्या गावात डोसनंतर कधी कुणी लेंडी तपासली का? खाली तालुक्याचं नाव आणि हो-नाही लिहा. यादी घेऊन पुढच्या आठवड्यात पशुसंवर्धन विभागात जाणार आहे.