गिअरबॉक्सलाही थंडी वाजते!

बालमित्रांनो, थंडीच्या दिवसांत आईने तीनदा हाक मारली तरी पांघरूण सोडवत नाही, हो की नाही? काही मोटारगाड्यांचीही तशीच गत होते. आज त्यांचीच गंमत पाहू.

त्यासाठी जाऊया जपानच्या उत्तरेला, होक्काइडो बेटावर. तिथल्या असाहिकावा शहरात २५ जानेवारी १९०२ रोजी पारा उणे ४१ अंश सेल्सिअसवर उतरला होता! अशा बर्फाळ प्रदेशात चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या 'फोर-व्हील ड्राइव्ह' गाड्या फार उपयोगी पडतात. १९९० नंतरच्या दशकातल्या टोयोटा लँड क्रूझर किंवा मित्सुबिशी पजेरो या त्यातल्याच. त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना डिझेल इंजिन आणि चार गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असे.

कडाक्याच्या थंडीत अशी जुनी गाडी सुरू करून दांडा 'डी'वर आणला, की ती क्षणभर थबकते आणि मग हिसका देऊन निघते. पुढे तिसऱ्या गिअरपर्यंत जाते. पण चौथा काही पडत नाही. इंजिन नुसतं ओरडत राहतं. नव्या मालकाच्या पोटात गोळाच येतो. 'गेला वाटतं गिअरबॉक्स! आता केवढा खर्च!' आणि काही किलोमीटर गेल्यावर चौथा गिअर गुपचूप पडतो.

असं का होतं?

साध्या गाडीत आपण पायाने क्लच दाबतो आणि हाताने गिअर बदलतो. ऑटोमॅटिक गाडीत हे काम तेल करतं. पंप तेलाला बारीक वाटांतून ढकलतो आणि त्या दाबाने आतल्या क्लचच्या चकत्या आवळल्या जातात. इंजिनाची ताकदही तेलातूनच पुढे जाते. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर वाऱ्याने दुसऱ्याचीही पाती फिरू लागतात ना? तसंच हे, फक्त वाऱ्याच्या जागी तेल. थंडीत तेल दाट होतं, सावकाश पोहोचतं. म्हणून गाडी थबकते.

चौथ्या गिअरची गोष्ट मात्र वेगळी आहे. अशा कित्येक गाड्यांत इंजिनाचं पाणी पुरेसं तापेपर्यंत चौथा गिअर मुद्दामच अडवून ठेवलेला असतो. चौथ्यात इंजिन हळू फिरतं, त्यामुळे तापायला वेळ लागतो. तिसऱ्यात ते जास्त फेरे घेतं आणि लवकर तापतं. त्यातून डिझेल इंजिन इंधनाच्या बाबतीत काटकसरी. त्याची वाया जाणारी उष्णता कमी, म्हणून ते तापायलाही वेळ लावतं!

मग अशा वेळी काय करायचं? गाडी नुसती उभी ठेवून तापवत बसू नये, कारण उभ्या गाडीचं इंजिन फारसं तापत नाही. अ‍ॅक्सिलरेटरही जोरात दाबू नये. दाट तेल धड पोहोचलेलं नसताना जोर लावला, तर चकत्यांची झीज होते. सुरू केल्यावर थोडं थांबावं आणि पहिले काही किलोमीटर शांतपणे चालवावी.

पण गाडी चांगली तापल्यावरही चौथा पडला नाही, इंजिन गरगरलं तरी गाडीचा वेग वाढेना, किंवा गिअरबॉक्सच्या तेलाला जळका वास आला, तर मात्र मेकॅनिक गाठायलाच हवा. आईबाबा, हा फरक ओळखता आला तर विनाकारण होणारा मोठा खर्च वाचतो, आणि खरा बिघाडही वेळेवर कळतो.

आता तुमच्यासाठी प्रयोग. दोन सारख्या छोट्या बाटल्यांत सारखीच काकवी घ्या. एक बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, दुसरी बाहेर. सकाळी दोन्ही बाटल्या सारख्याच कलत्या करून वाटीत ओता आणि शेवटचा थेंब पडेपर्यंतचे सेकंद मोजा. दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवा. आणि हो, मोजून झाल्यावर काकवी वाया घालवू नका. गरम भाकरीबरोबर मस्त लागते!