मास्तर मोठा की मिनिस्टर?

वाचकहो, दिवाळीच्या ताटातले हे कडबोळे जरा कठीण आहे. दात सांभाळून घ्यावे. प्रश्न मात्र सोपा आहे. मास्तर मोठा की मिनिस्टर? कोणीही सांगेल, मिनिस्टर! त्यांची मोटार गावात यायची म्हणजे रस्त्याच्या कडेला पोरे उभी करण्याचे काम मास्तराकडेच येते. पण शब्दांची कुळी विचारा, म्हणजे निराळेच बाहेर येते. ‘मास्तर’ हा लॅटिनमधल्या ‘मॅजिस्टर’चा वंशज, त्याच्या मुळाशी ‘अधिक’ हा अर्थ आहे. ‘मिनिस्टर’च्या मुळाशी आहे ‘उणा’. रोमन लोक हाताखालच्या चाकराला मिनिस्टर म्हणत. म्हणजे थोरला तो मास्तर आणि चाकर तो मिनिस्टर!

सत्तेच्या बहुतेक इंग्रजी शब्दांची घराणी अशीच आहेत. ज्या कॉन्स्टेबलला पाहून आपण वाट सोडतो, तो मुळात तबेल्यावरचा अधिकारी. ‘मॅनेज’ करणे म्हणजे घोडा हाताळणे. ‘लॉर्ड’ म्हणजे भाकरीचा राखणदार आणि ‘लेडी’ म्हणजे कणीक मळणारी. तेव्हा या घटकेस पिठाच्या परातीपुढे बसलेल्या आपल्या साऱ्या आयाबहिणी अस्सल लेड्याच होत. ‘बॉस’ हा डच भाषेतला धनी. अमेरिकेत गुलामांच्या मालकाला ‘मास्टर’ म्हणत, म्हणून गोऱ्या मजुरांनी आपल्या मालकाला ‘बॉस’ म्हणायला सुरुवात केली. शब्द बदलला, धनी धनीच राहिला.

आमच्या नळदुर्गाला अशा बदलांचे नवल नाही. येथे आदिलशाही झाली, निजामी झाली, १८५३ ते १८६० हा मुलूख इंग्रजांकडेही होता. त्या काळात येथला कारभार पाहणारा मेडोज टेलर स्वतः कादंबरीकार. त्याच्या १८३९ सालच्या कादंबरीने आपला ‘ठग’ इंग्रजांच्या घरोघरी पोहोचवला. ‘लूट’ही त्यांनी हिंदुस्थानातूनच नेली, शब्द आणि वस्तू दोन्ही! निजामी अमलात जिल्ह्याचा मुख्य अधिकारी तालुकदार होता; पुढे तो कलेक्टर झाला, मग जिल्हाधिकारी झाला. पाटी तीनदा रंगली, पण ओसरीवर ताटकळणारा शेतकरी तोच. त्यात ‘साहेब’ हा अरबी शब्द आणि ‘नोकर’ हा मंगोल. मुळात दोहोंचा अर्थ एकच, सोबती! आज एक सोबती खुर्चीत आहे आणि दुसरा दाराशी उभा आहे.

तुम्ही म्हणाल, मास्तर, शब्दांत काय आहे? पुष्कळ आहे. ‘वतन’ हा केवढा भारदस्त शब्द! पण महार-मांगांच्या वाट्याला ते वतन आले तेव्हा त्याचा अर्थ झाला, केव्हाही हाक येताच गावची कामे करणे. १९४१ साली आपल्याच जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला, वतनदारांची परिषद भरली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे आले होते. त्याआधी, १९२८ सालीच, त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाविरुद्ध विधेयक आणले होते. भारदस्त शब्दाआडची वेठ त्यांनी ओळखली होती.

ती वेठ गेली म्हणावे, तर नवा भारदस्त शब्द हजर! २००० साली महाराष्ट्रात ‘शिक्षण सेवक’ आला. पहिली तीन वर्षे त्याला पगार नाही, ‘मानधन’. प्राथमिक शाळेत आरंभी महिना ३,००० रुपये, पुढे ६,००० आणि २०२३ पासून १६,०००. अंगणवाडीतली बाई ‘सेविका’, गावोगाव औषधे पोहोचवणारी आशाताई तर ‘स्वयंसेविका’. म्हणजे ज्यांच्या पदाचा अर्थच चाकर, ते मंत्री. आणि ज्यांचा अर्थ थोरला, ते सेवक!

सेवा हा पवित्र शब्द आहे, असे सांगणारे सज्जन भेटतात. पवित्र आहेच. मग तो नेहमी कमी पैशांच्या पाकिटावरच का छापला जातो? मान दिला की धन थोडे दिले तरी चालते, असा हा हिशेब आहे. वाण्याच्या दुकानात मान चालत नाही.

आमच्याजवळ एक खणखणीत शब्द आहे: पगार. तो पोर्तुगीजांकडून आला. त्याचा अर्थ चुकते करणे. त्यात उपकार नाही, आशीर्वाद नाही. काम झाले, देणे लागते, ते दे. ‘मानधन’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी २०२२ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचावा. अंगणवाडी सेविकांना मिळणारे मानधन हे वेतनच आहे आणि त्यांना ग्रॅच्युइटी लागू आहे, असे न्यायालयाने सांगितले. एका शब्दाची गाठ सुटली आणि म्हातारपणची भाकर हक्काची झाली.

म्हणून मुलांना इंग्रजी अवश्य शिकवा, मराठीही शिकवा. पण शब्द पाठ करून थांबू देऊ नका. प्रत्येक मोठ्या शब्दाला त्यांनी विचारावे: तू कोणाच्या घरचा, आणि तुझ्यामुळे कोणाचे पैसे वाचतात? हे विचारणारी पोरे रस्त्याच्या कडेला मुकाट्याने उभी राहणार नाहीत. त्यांना तसे घडवणारा मास्तर मिनिस्टरपेक्षा मोठाच. फक्त त्याला पगार द्या.