हप्ते फिटले, पण घर कुणाच्या नावावर? भाडे-खरेदी घरांचा हिशेब समजून घ्या

तालुक्याच्या गावाला 'हाउसिंग बोर्ड' किंवा 'म्हाडा कॉलनी' नावाची वस्ती बऱ्याच ठिकाणी आहे. त्यातली अनेक जुनी घरं भाडे-खरेदी पद्धतीने दिलेली. म्हणजे काय, तर दर महिन्याला हप्ता भरायचा, घरात राहायचं आणि सगळे हप्ते फिटले की घर आपलं. ऐकायला सोपं वाटतं. अडचण पुढं येते.

बँकेचं कर्ज काढून घर घेतलं तर घर पहिल्या दिवसापासून आपल्या नावावर असतं, बँकेचा फक्त बोजा चढतो. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो, तसंच. भाडे-खरेदीत उलटं आहे. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालक गृहनिर्माण मंडळच. घरपट्टी, पाणीपट्टी, गळक्या छताची दुरुस्ती बहुधा राहणाराच करतो, पण कागदावर तो भाडेकरू. खर्च मालकाचा आणि हक्क भाडेकरूचा, अशी ही गत.

समजा, 15 वर्षांचे 180 हप्ते आहेत. 150 भरले आणि घरात आजारपण आलं म्हणून 5 थकले. अशा माणसाला कालच राहायला आलेल्या भाडेकरूच्या मापाने मोजायचं का? थकबाकी वसूल व्हायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. नाहीतर वेळेवर भरणाऱ्यावर अन्याय होतो. पण आधी लेखी हिशेब, मग मुदत, मग सुनावणी आणि घर खाली करणं सगळ्यात शेवटी, हा क्रम हवा. फुटपाथवर राहणाऱ्यांनाही हटवण्याआधी नोटीस आणि बाजू मांडायची संधी द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 1985 सालीच ओल्गा टेलिस प्रकरणात सांगितलं. मग निम्म्याहून जास्त किंमत भरलेल्याला ती का नको?

दुसरी गोम शेवटच्या हप्त्यानंतरची. हप्ते फिटले की काम झालं, असं समजून लोक गप्प बसतात. पण नोंदणीकृत दस्त झाल्याशिवाय मालकी येत नाही. मूळ धारक वारला की वारस नोंद अडते, मग भावाभावांत वाद. काहीजण मधेच कुलमुखत्यारपत्रावर घर विकून मोकळे होतात. अशा कागदाने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केलंय. घेणाऱ्याने पैसे दिले तरी त्याच्या हातात मालकी नाही.

मग करायचं काय? वाटपपत्र, करार, ताबा पावती आणि हप्त्यांच्या पावत्या एका फाईलला लावा. मंडळाकडे खात्याचा उतारा लेखी मागा. मिळत नसेल तर माहिती अधिकारात 10 रुपये फी भरून अर्ज करा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हप्ते फिटले असतील तर ना-देय प्रमाणपत्र घेऊन दस्तासाठी अर्ज द्या आणि त्याची पोच जपून ठेवा.

तरीही टोलवाटोलवी झाली तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. सरकारी गृहनिर्माण संस्थाही ग्राहक कायद्याखाली येतात, हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात दिला. नाहक छळ झाला असेल तर भरपाई जबाबदार अधिकाऱ्याकडून वसूल करावी, असंही त्यात म्हटलंय. भरलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी लागत नाही. मात्र तक्रार 2 वर्षांच्या आत करायची असते, हे विसरू नका.

सप्टेंबर 2024 पासून लागू झालेल्या शहरी आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात भाड्याच्या घरांचा वेगळा घटक आहे. कामासाठी शहरात गेलेल्या आपल्या पोरांना त्याचा उपयोग होईल. पण ती घरं फक्त भाड्याची, मालकीची नव्हेत. म्हणून सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा : हे नुसतं भाडं आहे की भाडे-खरेदी? आणि उत्तर तोंडी नको, कागदावर घ्या.