ओहोटीची वाट पाहण्याचा हक्क

अलिबागच्या सहलीतील शेवटून दुसरा दिवस बहुधा कुलाबा किल्ल्यासाठी राखून ठेवलेला असतो. या दिवशी घाई करून भागत नाही. ओहोटी लागली म्हणजे वाळू आणि खडक तुडवीत आंग्र्यांच्या या जलदुर्गापर्यंत पायी जाता येते. भरतीस तीच वाट पाण्याखाली जाते. ही वेळही रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. तेव्हा किनाऱ्यावर बसावे, मुलांना शहाळे घेऊन द्यावे आणि पाणी ओसरण्याची वाट पाहावी. मग किल्ल्यातील गणपती आणि भर समुद्रातली गोड्या पाण्याची विहीर पाहून, पाणी चढण्यापूर्वी परतावे.

कल्याणजवळच्या मोहने येथील कामगाराच्या दृष्टीने अशा दिवसाचे मोल निराळे आहे. उल्हास नदीकाठचे हे गाव नॅशनल रेयॉनच्या पाळ्यांवर वाढले. व्हिस्कोस धाग्याचे काम अहोरात्र चालते. तेथे माणसाची झोपही यंत्राच्या सोयीने ठरते. आयुष्य पाळीला बांधलेल्या माणसाने दोन तास नुसते समुद्राकडे पाहत बसावे, यास चैन म्हणणे हा करंटेपणा होय. (आपली शिबिरेही समुद्रकाठी भरतात, परंतु बौद्धिकांच्या गर्दीत समुद्र पाहण्यास कोणास सवड होत नाही, ही गोष्ट अलाहिदा.)

ही फुरसत कोणी दान म्हणून दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. फ्रान्समध्ये १९३६ च्या संपांनंतर समाजवादी नेतृत्वाखालील सरकारने दोन आठवड्यांच्या भरपगारी रजेचा कायदा केला आणि त्या उन्हाळ्यात अनेक कामगार कुटुंबांनी समुद्र प्रथमच पाहिला. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षात २४० दिवस काम करणाऱ्या प्रौढ कामगारास दर २० दिवसांमागे एक दिवसाची भरपगारी रजा दिली. अर्थशास्त्राच्या भाषेत हे लांबणीवर टाकलेले वेतनच आहे. त्याची किंमत कामगाराने आधीच श्रमाने चुकती केलेली असते. तरीही वाटाघाटींत संघटना रजा विकून रोख रक्कम पदरात पाडून घेण्यातच समाधान मानतात. तुटपुंज्या पगारात तो मोह समजण्यासारखा आहे, पण त्यामुळे पगारवाढीची मागणी मात्र बोथट होते.

मोहन्याचा कारखाना २००९ साली बंद पडला. हजारो कामगारांना थकीत देण्यांसाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. अशा घरांतील पुढच्या पिढीला नोकरी मिळते तीही बहुधा कंत्राटदाराकडे. २०२० च्या संहितेने रजेसाठी आवश्यक कामाचे दिवस २४० वरून १८० वर आणले, हे कागदोपत्री स्वागतार्हच. कायदा कंत्राटी कामगारास वगळीत नाही. परंतु कंत्राटदार बदलला, हजेरीपट बदलला की दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते आणि १८० चा आकडा दूरच राहतो. गैरहजेरीच्या प्रत्येक दिवसाचा रोज बुडतो तो वेगळाच. तेव्हा असे कुटुंब अलिबागला जाते ते रविवारी पहाटे निघून रात्री परतण्याच्या बोलीने. त्या दुपारी भरती असली आणि होडीचे भाडे परवडले नाही, तर मुलांना किल्ला किनाऱ्यावरूनच दाखवून एस्. टी. गाठावी लागते.