क्रूझवर सूट-बूट की टी-शर्ट? बुकिंगआधी हे वाचा

क्रूझ बुक करताना बहुतेक जण केबिन आणि भाडं पाहतात. संध्याकाळी काय घालायचं, हा प्रश्न बॅग भरताना पडतो. तो आधीच पडायला हवा.

साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क जाणाऱ्या 'क्वीन मेरी २'चं उदाहरण घ्या. क्युनार्ड कंपनीच्या या जहाजावर 'गाला इव्हिनिंग'ला पुरुषांनी टक्सिडो किंवा गडद सूट घालावा, अशी अपेक्षा असते. ज्यांना नटायचं नाही, त्यांच्यासाठी बुफेसारख्या मोजक्याच जागा उरतात. मुख्य जेवण कोणत्या रेस्टॉरंटमध्ये, हेही केबिनच्या दर्जावर ठरतं.

याउलट नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० मध्ये 'फ्रीस्टाइल' पद्धत आणली. जेवणाची ठरलेली वेळ नाही, ठरलेलं टेबल नाही, सूटची सक्ती नाही.

मग फ्रीस्टाइलच स्वस्त आणि मस्त? तसंही नाही. तिथल्या स्पेशालिटी रेस्टॉरंटसाठी सहसा वेगळे पैसे मोजावे लागतात. चार जणांच्या कुटुंबाचं हे बिल सूटच्या खर्चापुढेही जाऊ शकतं. शिवाय क्युनार्डवर राष्ट्रीय पोशाख चालतो. बंदगळा आणि पैठणी घरात असेल, तर टक्सिडो कशाला विकत घ्यायचा?

सोबत लहान मुलं किंवा लवकर जेवणारे आजी-आजोबा असतील, तर फ्रीस्टाइलच सोयीची. लग्नाच्या वाढदिवसासाठी निघालेल्या जोडप्याला गाला रात्रीची मजा वेगळीच. मात्र पैसे भरण्यापूर्वी एजंटला दोन प्रश्न विचाराच: गाला रात्री किती आणि भाड्यात कोणती रेस्टॉरंट?