पेटीतले प्रमाणपत्र

गेल्या जुलैतली गोष्ट. तालुका पातळीवरच्या शालेय कबड्डी स्पर्धांसाठी मुलींचा संघ निवडायचा होता. आमच्या क्रीडा शिक्षकांनी आठवीतल्या एका मुलीचे नाव सर्वात वर लिहिले होते. चढाईला गेली की समोरच्या मुलींना ती कुठून निसटली हेच कळत नसे. पालकांच्या संमतीपत्रांचा गठ्ठा माझ्याकडे जमा होत होता, पण तिचे काही येईना. चौथ्या दिवशी विचारले, तर मान खाली घालून म्हणाली, "मॅडम, अम्मी सही करत नाही."

अशा वेळी आपण लगेच अंदाज बांधतो. मीही बांधला. मुलगी मोठी होत चालली आहे, बाहेरगावी सामने आहेत, घरच्यांना आवडत नसेल. संध्याकाळी बोईसर स्टेशनवरून घरी जाता जाता त्यांच्याकडे डोकावले. वडील एमआयडीसीत कामाला आहेत. ते दुसऱ्या पाळीला गेले होते. आपा शिलाई मशिनवर बसल्या होत्या. सासूबाईंनी चहा टाकला. मी विषय काढताच सासूबाईच म्हणाल्या, "आमची ना नाही बाई. हिचीच ना आहे."

आपांनी मशीन थांबवले. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "खेळून मला काय मिळालं, मॅडम?"

मला प्रश्नाचा अर्थच कळला नाही. मग त्या उठल्या आणि पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. लग्नातली साडी, मुलांची जन्माची दाखलपत्रे, रेशनकार्डाच्या जुन्या प्रती, आणि तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत दुमडलेले एक प्रमाणपत्र. आंतरमहाविद्यालयीन कबड्डी. पत्त्यात जिल्हा ठाणे, कारण पालघर जिल्हा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी, आणि हा कागद त्याच्या कितीतरी आधीचा. नाव माहेरचे. खाली हाताने लिहिलेले : कर्णधार.

माझी विद्यार्थिनी माझ्या शेजारी उभी होती. तिने तो कागद आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. "अम्मी, तू कॅप्टन होतीस?" एवढेच म्हणाली.

आपा मग बोलत राहिल्या. त्यांचे कॉलेज लहान होते. धड मैदान नव्हते, इमारतीमागची जागा पावसाळ्यानंतर मुलीच साफ करत. चुन्याने रेषा आखत. तेव्हा डहाणूपर्यंत लोकल येत नव्हती, ती २०१३ साली सुरू झाली. सामन्याला जायचे तर शटल पकडायची, आणि ती चुकली की पुढची गाडी मिळेपर्यंत फलाटावर बसायचे. येताना उशीर झाला की अब्बा सायकल घेऊन स्टेशनवर उभे असत. कधी म्हणाले नाहीत की खेळू नकोस. एका सामन्यात डावा कोपरा सांभाळताना गुडघा दुखावला. पट्टी बांधून पुढचे दोन सामने खेळल्या. मग शेवटचे वर्ष संपले, अब्बांची तब्येत बिघडली, लग्न झाले. त्यानंतर कॉलेजातून कधी कोणाचा फोन नाही, पत्र नाही, चौकशी नाही. दुखरा गुडघा तेवढा राहिला. नमाजला बसताना आजही तो आठवण करून देतो.

"हिने पण तेच करायचं का?" त्यांनी विचारले. मी उत्तर न देताच परत आले. त्या वर्षी मुलगी खेळली नाही.

या प्रश्नाने मला बरेच दिवस सोडले नाही. शाळेत आम्ही मुलांना खेळायला सांगतो आणि खेळून झालेल्या माणसांकडे मात्र वळून बघत नाही. अशी विसरलेली माणसे घरोघरी असतात. त्यांच्या मनात एक हिशेब तयार होतो की इतके दिले आणि हाती काही आले नाही. तोच हिशेब मग पुढच्या पिढीच्या संमतीपत्रावर उतरतो. जुन्या खेळाडूंचा सन्मान ही मला तोवर शाल-श्रीफळाची, फोटोची बाब वाटत होती. त्या दिवसापासून तसे वाटत नाही.

महाराष्ट्रात आता १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. तो खाशाबा जाधव यांचा जन्मदिवस. कराडजवळच्या गोळेश्वर गावात १९२६ साली जन्मलेल्या या पैलवानाने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यानंतरचे वैयक्तिक पदक यायला १९९६ साल उजाडले, तेव्हा लिएंडर पेसने टेनिसमध्ये कांस्य मिळवले. म्हणजे मध्ये ४४ वर्षे गेली.

पण मला या कथेतले कॉलेज जास्त महत्त्वाचे वाटते. खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, तरी पुरेना. तेव्हा कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. त्या काळचे सात हजार! पदक मिळेल की नाही कोणाला ठाऊक होते? चार वर्षांपूर्वी लंडनला खाशाबा सहावे आले होते, एवढीच शिदोरी. पदक घेऊन परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, हे सर्वांना माहीत असते. त्यानंतर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड लावले आणि त्या पैशातून प्राचार्यांचे कर्ज फेडले, हे मात्र कमी सांगितले जाते. एका कॉलेजाने आपल्या खेळाडूचा मान आधीच राखला होता, आणि खेळाडूने कॉलेजचा मान नंतर राखला.

पुढचा भाग मात्र दुःखाचा. खाशाबा पोलीस खात्यात नोकरीला लागले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी त्यांना झगडावे लागले. १९८४ साली रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० साली, म्हणजे ते गेल्यानंतर सोळा वर्षांनी. दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव दिले गेले तेही २०१० साली. त्यांच्या हातात यातले काही पडले नाही. ऑलिम्पिक पदक मिळवणाऱ्याची ही कथा, तर तालुक्याच्या संघात डावा कोपरा सांभाळणारीची काय असणार?

आपल्या भागात खेळाडू म्हटले की पहिले नाव शार्दुल ठाकूर यांचे येते, आणि ते योग्यच आहे. पालघरचा मुलगा पाठीवर किटबॅग घेऊन लांबच्या गाडीने मुंबईला जात राहिला. बोरिवलीतले प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याचा खेळ पाहिला आणि प्रवासाचा त्रास वाचावा म्हणून त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. २०२१ च्या जानेवारीत ब्रिस्बेनच्या कसोटीत याच मुलाने सात बळी घेतले आणि अडचणीच्या वेळी ६७ धावा केल्या. त्या दिवशी पालघर-बोईसरच्या घराघरांतून टीव्हीसमोर जो आनंद झाला, तो मी पाहिला आहे.

पण त्याच गाड्यांतून किटबॅग घेऊन जाणारी दुसरीही मुले होती. त्यांपैकी कोणी आज तारापूर एमआयडीसीत पाळ्या करतो, कोणी रिक्षा चालवतो, कोणी चिंचणीला दुकानात बसतो. कोणी आपांसारखी घरात शिवणकाम करते. ही माणसे हरली असे आपण धरून चालतो. एका मुलाच्या फलंदाजीला धार यायची तर समोर दहा जणांनी गोलंदाजी करावी लागते. कबड्डीच्या मैदानात सात जणी उतरतात, टाळ्या चढाई करणारीला मिळतात, आणि पकड करणाऱ्या बाकीच्या सहा जणींच्या जिवावर सामना जिंकला जातो. लहान कॉलेजांचे संघ अशाच माणसांनी चालवले. त्यांच्यातून कोणी एक पुढे गेला तर त्यात या सर्वांचा वाटा आहे.

शेवटी मी आपांच्या जुन्या कॉलेजात गेले. कार्यालयात विचारले, तर क्रीडा विभागाचे जुने रजिस्टर सापडेना. कपाटावर काही चषक होते, धूळ खात पडलेले. भिंतीवरच्या फलकावर काही वर्षांची नावे होती, मग मोकळी जागा. क्रीडा विभागाचे सर तरुण होते आणि मनाने चांगले होते. त्यांनी स्वतःहून सांगितले, "मॅडम, आपण शोधू." दोन महिन्यांनी गोदामात एक फाटके रजिस्टर मिळाले. त्यात आपांचे नाव होते आणि तिच्या संघातल्या आणखी अकरा जणींचीही.

नावे मिळाली, पण माणसे शोधणे कठीण. मुलांची नावे तशीच राहतात, मुलींची लग्नानंतर बदलतात. माहेरच्या नावाने शोधायला गेलो की सासरचा पत्ता लागत नाही. आपांनीच एकीचा नंबर दिला, तिने दुसरीचा. असे करत आठ जणी सापडल्या. एक डहाणूला, एक वसईला, एक सौदीला नवऱ्याबरोबर. एक मैत्रीण काही वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारी झाली होती, हे आपांना त्याच फोनवर कळले. दोघी एकाच बाकावर बसत.

१५ जानेवारीला कॉलेजात छोटासा कार्यक्रम झाला. जुने वीस-पंचवीस खेळाडू आले. मोठा मंडप नव्हता, पुढारी नव्हते. आपा यायला तयार नव्हत्या, लोक काय म्हणतील म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "पैगंबर साहेबांनी (स.) हजरत आयेशांसोबत (रजि.) धावण्याची शर्यत लावली होती, हे तूच मुलांना सांगतेस ना? मग चल." आणि त्या स्वतः बरोबर आल्या.

आपांना शाल द्यायला बोलावले तेव्हा त्यांनी माईक मागितला. भाषण केले नाही. फक्त आपल्या संघातल्या बाराही जणींची नावे घेतली, माहेरच्या नावांनी, कोण कुठे खेळत असे त्यासह. जी मैत्रीण आता नाही, तिचेही नाव त्याच क्रमाने घेतले, उजवा कोपरा म्हणून. तिचा मुलगा पहिल्या रांगेत बसला होता.

वाचक बंधू-भगिनींनो, ज्यांचा एखाद्या शाळा-कॉलेजशी संबंध आहे, त्यांना माझी काही साधी मागणी आहे. जुनी रजिस्टरे रद्दीत जाण्याआधी मोबाईलने त्यांचे फोटो काढून ठेवा. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि तिथे पडताळणीला कागदच लागतो. फलकावर नावे लिहिताना मुलींचे माहेरचे आणि सासरचे दोन्ही नाव लिहा. शाल देऊन पाठवून देऊ नका, आठवड्यातून एक तास मुलांना शिकवायला बोलवा. ज्यांचे गुडघे, खांदे खेळात गेले, त्यांची तपासणी करून देणारा एखादा डॉक्टर माजी विद्यार्थ्यांतच सापडेल. आणि हे सर्व माणूस हयात असताना करा.

आपल्या घरातही एकदा विचारा. अम्मीने, खालाने, चाचाने कधी काय खेळले होते? पलंगाखालच्या पेटीत काय आहे? मुलांसमोर विचारा.

आपा आता शनिवारी दुपारी कॉलेजच्या मुलींना पकड शिकवायला जातात. गुडघ्यामुळे खुर्चीवर बसून शिकवतात, पण आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जातो. ते प्रमाणपत्र फ्रेम होऊन भिंतीवर लागले आहे. माझ्या विद्यार्थिनीचे एक वर्ष मात्र गेले, ते काही परत येणार नाही. चौदा वर्षांखालच्या गटात तिला आता खेळता येणार नाही, पुढच्या वेळी मोठ्या गटात उतरावे लागेल आणि तिथल्या मुली ताकदीच्या असतात.

परवा आपांचा फोन आला. मला वाटले शिलाईचे काही काम असेल. त्यांनी विचारले, "मॅडम, या वर्षीचा फॉर्म कधी येणार?"